आबांनी मारलेली पट्टी

माझा धाकटा भाऊ धम्मपाल याला लहानपणापासून एक खोड. गाडी समोर आली की सगळे तिचा रंग बघतात, हा खाली वाकून तिचं पोट बघतो. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा ते आत पोहे खात होते आणि हा बाहेर त्यांच्या जीपखाली आडवा. निघताना त्याने माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना सांगितलं, तुमच्या गाडीचा पाटा तडकलाय, पहूरपर्यंत सावकाश जा. सासरे अजून ती गोष्ट सांगतात. पाटा खरंच तडकला होता.

या खोडीतूनच पुढे त्याचं काम निघालं. तो रेसच्या कार्टची फ्रेम जुळवून द्यायचा. द्यायचा असं लिहिते आहे, कारण आता देत नाही. का देत नाही हे आमच्या घराबाहेर फक्त दोन माणसांना पटलं आहे, आणि त्यांना पटूनही काही उपयोग झाला नाही.

कार्ट म्हणजे काय ते मला तरी कुठे माहीत होतं. मला वाटलं, जत्रेत पोरं एकमेकांवर आदळवतात ती गाडी. मग फेकरीला आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, शेडमध्ये मी ती पहिल्यांदा बघितली. जमिनीपासून वीतभरसुद्धा उंच नाही. दार नाही, टप नाही, कमरेला पट्टा नाही. नळ्यांची फ्रेम, त्यावर बादलीसारखी सीट, बाजूला इंजिन, चार बुटकी चाकं. त्यातही ही शिफ्टर, म्हणजे गिअरची. हाताशी असलेल्या दांड्याने धडाधड गिअर टाकायचे आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत गाडी दिसेनाशी. आणि एवढ्या वेगाच्या गाडीला स्प्रिंग नाही की शॉकअप नाही. मी विचारलं, मग खड्डा आला तर? धम्मपाल म्हणाला, फ्रेमच लवते. फ्रेम हीच हिची स्प्रिंग.

त्याने मला समजावलं ते असं. मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी, पण दोघं एकत्र बांधलेली. म्हणून वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून केसभर उचललं गेलं पाहिजे आणि वळण संपलं की अलगद खाली आलं पाहिजे. ते उचलतं कोण, तर फ्रेमचा पीळ. फ्रेम फार ताठ असली की गाडी वळणावर उड्या मारते, फार ढिली असली की ओढल्यासारखी चालते. अक्का, बाज विणण्यासारखं आहे बघ, तो म्हणाला. फार ताणली तर झोप लागत नाही, ढिली सोडली तर पाठ मोडते. हे मात्र मला लगेच कळलं.

आता आबांचं सांगते. आमचे आबा, देवचंद, मूळचे साक्री तालुक्यातले. तरुणपणी दीपनगरच्या वीज केंद्रात वेल्डर म्हणून लागले आणि तिथेच रिटायर झाले. बॉयलरच्या नळ्यांचे जोड मारायचे. त्या जोडांचे एक्स-रे काढतात, माणसाच्या छातीचे काढतात तसे. आबांच्या जोडात कधी पोकळी निघाली नाही. शटडाऊन असलं की साहेबांची गाडी क्वार्टरच्या दारात यायची आणि आई, द्रौपदाबाई, शेजारणींना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्यांना उठवायची. समाजात आणि कॉलनीतही आबांना मान होता तो या हातामुळे. रिटायर झाल्यावर त्यांनी फेकरीला घर बांधलं, मागे पत्र्याची शेड टाकली. गावातले लोक ट्रॉल्या घेऊन यायचे. आपल्याकडे नवी ट्रॉली घेतली की शेतात न्यायच्या आधी तिला जास्तीच्या पट्ट्या मारून घेतात, कंपनीवर कोणाचा विश्वास नसतो. कूलरचं स्टँड असो, लोखंडी पलंग असो, हललं की पट्टी. आबांनी अशा किती मारल्या त्याला गणती नाही.

मग त्यांचे डोळे गेले. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, पण डॉक्टरांनी वेल्डिंगकडे बघू नका म्हणून सांगितलं. हातही जरा थरथरायला लागला. एकदा गावातल्या सुकदेवभाऊंच्या ट्रॉलीचा जोड उघडला, भर रस्त्यात उसाच्या मोळ्या सांडल्या. त्यांनी पुढची ट्रॉली वरणगावला नेली. त्यानंतर शेडकडे कोणी फिरकेना. आबा रोज सकाळी आंघोळ करून, बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे वंदना म्हणून शेडमध्ये जाऊन बसायचे, वेल्डिंगचा होल्डर पुसायचे आणि जेवायला परत यायचे. आई असती तर काहीतरी बोलली असती. ती त्याआधीच गेली होती.

धम्मपालने जळगावला डिप्लोमा केला आणि पुण्याकडे एका कार्ट ट्रॅकवर नोकरीला लागला. तिथे भाड्याच्या गाड्या पुसण्यापासून सुरुवात केली, मग एका रेसवाल्याच्या हाताखाली फ्रेमचं काम शिकला. बरीच वर्षं तिकडे काढली. आई गेल्यावर आबा एकटे म्हणून परत आला. इकडे येऊन हे काम मिळणार कुठे, तर मिळालं. जळगावला डाळमिलवाले रुपचंदशेठ आहेत. त्यांच्या मुलीला, चारुलताला, रेसचं वेड. शेठने तिच्यासाठी जुनी शिफ्टर कार्ट आणली होती, पण ती नीट जुळवून देणारं कोणी नव्हतं. धम्मपालने ती उघडली, पुन्हा जुळवली आणि चारुलता पुढच्याच शर्यतीत पहिल्या काही जणांत आली. तेव्हापासून ती त्याला धम्माभाऊ म्हणायला लागली आणि त्याच्याशिवाय कोणाला नट फिरवू देईना.

काम मात्र तो फेकरीच्या शेडमध्येच करायचा. तिथे आबांनी भंगारातून आणलेली एक जाडजूड सपाट प्लेट आहे, पाण्याचा थेंब टाकला तर हलत नाही इतकी समतल. फ्रेम त्या प्लेटवर ठेवायची, चारही कोपरे बघायचे. पुढच्या चाकांचा कल दोरी लावून धरायचा. मग चारुलताला पूर्ण पोशाखात सीटवर बसवायचं, चारही चाकांखाली वजनकाटे. कुठल्या कोपऱ्यावर किती भार येतो ते बघून सीट बोटभर मागे, बोटभर खाली. एकदा मी तिथे होते. काटा बघून हा तिला म्हणाला, काल लग्नाला जेवलीस का? ती म्हणाली, नाही बा. हा म्हणाला, मागचा उजवा कोपरा वेगळंच सांगतोय. ती हसून म्हणाली, कोपऱ्याला सांगा, फक्त जिलेबी.

ट्रायलला ते धुळ्याच्या रस्त्याला एका हॉटेलमागे बांधलेल्या छोट्या ट्रॅकवर जायचे. आबाही जायचे सोबत. टोपी घालून भिंतीजवळ खुर्ची टाकून बसायचे. चारुलता फेरी मारून यायची, हेल्मेट काढून म्हणायची, मागून निसटते. हा टायरला हात लावायचा, किती तापलाय, आतून की बाहेरून, मग सीटचा एक स्क्रू ढिला करायचा किंवा मागची चाकं जरा आत घ्यायचा. ती पुन्हा जायची. त्याच्या तोंडावर तेव्हा जो भाव असायचा तो मी फक्त विहारात डोळे मिटून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर बघितला आहे. त्याचं लग्न ठरत नव्हतं, घरात नळ गळत होता, त्याला काही नाही. चाक केसभर उचललं की तो खूश.

त्या वर्षी दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमने त्यांना निरोप पाठवला. कोइमतूरच्या शर्यतीत त्यांची माणसं गाडी बघणार होती. गाडी चांगली चालली तर चारुलताला वर्षभर त्यांच्याकडून चालवायला मिळणार होतं, आणि धम्मपालला फ्रेम जुळवणारा माणूस म्हणून कायमचं घेणार होते. हे त्याने मला फोनवर सांगितलं तेव्हा आवाज दाबून बोलत होता. अक्का, आपल्या भागातून असं कोणी गेलं नाही अजून, म्हणाला. झालं तर आबांना तिकडे घेऊन जाईन, प्लेटपण नेईन.

निघायच्या काही दिवस आधी, मी माहेरी आले होते तेव्हा, त्याने गाडी पूर्ण उघडली. नुसती फ्रेम राहिली. तडा कुठे आहे का ते बघून झालं. मग चारुलताला दाखवायला म्हणून तो फ्रेमच्या एका कोपऱ्यावर उभा राहिला. समोरचा कोपरा उचलला गेला. हा उतरला, कोपरा परत जागेवर. बघ, म्हणाला, जिवंत आहे अजून.

आबा दारात उभे होते. ते जवळ आले, पायाने फ्रेम दाबली.

"हाई तं लवस," आबा म्हणाले. ही तर वाकते.

धम्मपालने त्यांना सगळं समजावलं, मला समजावलं होतं तसंच, बाजेचं उदाहरण देऊन. आबांनी मान हलवली. पण मी त्यांना ओळखते. ज्या माणसाने जन्मभर लवणं हा वस्तूचा दोष मानला, ज्याच्या कामावर नळी जरा वाकली की आख्खं युनिट बंद करत, त्याला हे कसं पटावं? चारुलता गेल्यावर ते मला म्हणाले, शेठ नवी फ्रेम घेऊन देत नसेल, पोरगा बिचारा झाकून घेतो. आणि बसणार तिच्यावर कोणाची तरी लेक. उद्या मोडली म्हणजे? मी म्हटलं, आबा, त्याचं काम त्याला करू द्या. ते उठून होल्डर पुसायला लागले.

माघ पौर्णिमेला मी फेकरीलाच होते. सकाळी धम्मपाल दांड्याचे बेअरिंग आणायला जळगावला गेला, ते आले की गाडी जोडायची आणि संध्याकाळी टेम्पो निघणार होता. मी विहारात गेले. वंदना झाली, बायकांशी बोलण्यात जरा वेळ गेला. घरी आले तर आबा नळावर तोंड धुत होते आणि अंगणात रॉडच्या धुराचा वास. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आई होती तेव्हा हसायचे तसे हसत होते. म्हणाले, चल दाखवतो. सीटच्या खाली, दोन नळ्यांच्या मधे, त्यांनी तिरकी पट्टी मारली होती. मी वेल्डरची मुलगी आहे, जोड कसा असतो ते मला कळतं. सुंदर होता. एकसारखा, कुठे थेंब नाही, कुठे तुटलेला नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर, थरथरत्या हाताने. आणि तो बघून मी फाटकाशी जाऊन उभी राहिले.

धम्मपाल आला तेव्हा मी त्याला फाटकातच गाठलं आणि सांगितलं. तो पळत शेडमध्ये गेला. फ्रेम प्लेटवर ठेवली. एका कोपऱ्याखालून त्याने कागद सरकवला, तो सरळ आत गेला. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढतं. त्या पट्टीने दोन्ही नळ्या ओढून घेतल्या होत्या. तो बराच वेळ तो कागद आत बाहेर करत राहिला. मग त्याने ग्राइंडर घेतला, वायर लावली.

तेवढ्यात आबा आले. स्वच्छ सदरा घातलेला, केस विंचरलेले. माणूस आपलं काम दाखवायला येतो तसे.

"कसी जयी?" त्यांनी विचारलं.

धम्मपालच्या हातात ग्राइंडर होता. मी त्याच्याकडे बघत होते. मनातून म्हणत होते, बोल बाबा. दुखेल त्यांना, पण बोल. त्याने ग्राइंडर खाली ठेवला.

"चांगली झाली आबा," तो म्हणाला. "एकच नंबर."

आबा म्हणाले, आता कितीही दामटली तरी पोरीला काही होत नाही. आणि चहा करायला सांगून गेले.

मी त्याला तिथेच झापलं. म्हटलं, फोन कर शेठला, गाडी नाही निघत म्हणून सांग. तो म्हणाला, नाही निघत म्हटलं तर का ते सांगावं लागेल. तिकडे गेल्यावर कापून काढतो, जुळवतो, जमेल. अक्का, तू काही बोलू नकोस, किती वर्षांनी त्यांनी होल्डर धरला. टेम्पोत गाडी चढवताना आबांनी तिच्या नाकाला हात लावून नमस्कार केला.

पुढचं मला चारुलताने सांगितलं. कोइमतूरला पोचल्याबरोबर धम्मपालने एका कोपऱ्यात जाऊन पट्टी कापली, जागा घासून गुळगुळीत केली, वर रंग मारला. पण ओढलेल्या नळ्या परत गेल्या नाहीत. सरावात गाडी उजव्या वळणाला ठीक जायची आणि डाव्या वळणाला मागून टणटण उड्या मारायची. त्याने सीट सरकवली, मागचा दांडा बदलून नरम घातला, चाकं बाहेर काढली, हवा कमी केली, पुढच्या चाकांचा कल दर फेरीला बदलला. एक कोपरा बरा केला की दुसरा बिघडायचा. तिथल्या कोणाची तरी प्लेट मागून आणली, त्यावर फ्रेम ठेवून दाबून बघितली. जेवला नाही. ती म्हणाली, सविताताई, धम्माभाऊ नेहमी मला विचारायचे, गाडी काय म्हणते. त्या दिवशी त्यांनी विचारलंच नाही, त्यांना माहीत होतं.

शर्यतीत एका डाव्या वळणावर गाडी उडाली, फिरली आणि कडेच्या टायरांच्या भिंतीवर जाऊन आदळली. सीटची कड तिच्या बरगडीत घुसली. बरगडी तडकली. बाकी काही झालं नाही, हे बुद्धांचे उपकार असं मी अजून म्हणते. ज्या भीतीने आबांनी पट्टी मारली तीच गोष्ट त्या पट्टीने घडवली.

टीमच्या माणसांनी गाडी आडवी करून पोट बघितलं. घासलेली जागा त्यांना लगेच दिसली. हे कोणी केलं, म्हणून विचारलं. धम्मपाल म्हणाला, मीच पट्टी लावली होती, मीच काढली. त्यांच्यातला मुख्य माणूस हिंदीत एवढंच म्हणाला, की कार्टच्या फ्रेमला जो ताठ करायला जातो त्याला कार्ट म्हणजे काय ते माहीत नाही. रागावला नाही. हातरुमालाने बोटं पुसली आणि पुढच्या गाडीकडे गेला. या धंद्यातली माणसं मोजकी, सगळ्यांची एकमेकांशी ओळख. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली.

रुपचंदशेठ तर त्याच्यावर धावूनच गेले. माझ्या पोरीच्या जिवावर प्रयोग केलास, म्हणाले. बाप म्हणून त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

चारुलताने मला फोन केला तेव्हा ती अजून नीट श्वास घेऊ शकत नव्हती. तिला पटत नव्हतं. धम्माभाऊ असं करणारच नाहीत, तुम्ही खरं सांगा. मी सांगितलं. भावाने गप्प राहायला सांगितलं होतं, पण मी रोज सकाळी पंचशील घेते आणि खोटं न बोलण्याचं शील काही सोयीप्रमाणे सोडता येत नाही. ती फोनवर रडली. मग तिने शेठला सांगितलं. मला वाटलं, आता तरी माणूस सुटेल. मी स्वतः पहूरहून जळगावला मिलवर गेले. शेठनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

"ताई, पट्टी कोणीही मारली असेल. ती बघून गाडी टेम्पोत चढवली कोणी?"

  मी पाणी न पिता उठले आणि येताना बसमध्ये भावाला मनातल्या मनात शिव्या देत राहिले. शेठने कार्ट विकून टाकली. चारुलताला पुढच्या शिक्षणाला पाठवलं.

धम्मपालने पुण्याला, बंगळूरला, ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कोणी वाईट बोललं नाही. सध्या जागा नाही, म्हणाले. हळूहळू फोन उचलायचे बंद झाले. तो घरी बसला.

इथपर्यंतही मी सहन केलं असतं. पण आबांना काय वाटत होतं? त्यांना एवढंच माहीत होतं की गाडी शर्यतीत आदळली, पोरगी वाचली आणि पोराचं काम गेलं. धम्मपालने त्यांना सांगितलं होतं, माझं जुळवणं चुकलं. पट्टी काढली हेही सांगितलं नाही. मग आबा ओट्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायला लागले, पोरगी वाचली ती माझ्या पट्टीने. फ्रेम तुटली का? नाही तुटली. एवढी मजबूत करून दिली तरी याला जमलं नाही. सुरुवातीला हळू आवाजात, नंतर मोठ्याने. माझा जोड मोडला नाही, हे ऐकवायला त्यांना सुकदेवभाऊही मिळाले. आणि सुकदेवभाऊंनाही ते पटलं. आबांचा मान परत आला. जेवढा आबांचा वाढत गेला तेवढा धम्मपालचा उतरत गेला. गावात त्याला कोणी विचारलं की काय रे रेसवाल्या, तर तो हसायचा.

मी त्याला म्हटलं, तू त्यांचं मन राखलंस, त्यांनी तुझं काय राखलं? तो म्हणाला, अक्का, म्हाताऱ्या माणसाला आता काय शिकवायचं. मी म्हटलं, शिकवू नको, सांग. तो उठून बाहेर गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बुद्ध पौर्णिमेला मी पुन्हा फेकरीला गेले. उन्हाने गावाची भाकरी झालेली. विहारात पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं, त्रिशरण, पंचशील झालं. धम्मपाल माझ्या पुढच्या ओळीत बसला होता, त्याचाही आवाज मला ऐकू येत होता. नंतर खीर वाटायला तोच उठला. आबा खांबाला टेकून बसले होते, भोवती त्यांच्या वयाचे दोघं-चौघं. पुन्हा तीच गोष्ट निघाली. आबा सांगत होते की आजकालच्या पोरांना पुस्तकातलं येतं, हातातलं येत नाही. माझा पोरगा लवणारं लोखंड चांगलं म्हणतो. सगळे हसले. धम्मपाल त्यांच्याच द्रोणात खीर वाढत होता.

माझ्याने राहवलं नाही. मी उठले आणि सगळ्यांसमोर बोलले. आबा, तुमच्या पट्टीने फ्रेम ओढली गेली. म्हणून गाडी उडाली, म्हणून त्या पोरीची बरगडी मोडली, म्हणून याचं काम गेलं. याने पट्टी कापून टाकली तिकडे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून याने सगळं स्वतःवर घेतलं.

 आबांनी द्रोण खाली ठेवला आणि धम्मपालकडे बघितलं. त्यांचे ते ऑपरेशन केलेले डोळे. त्या क्षणी त्यांना खरोखर कळून घ्यायचं होतं, असं मला वाटतं. त्यांनी विचारलं, ही म्हणते ते खरं आहे का?

माझ्या भावाने हातातली पळी खिरीच्या पातेल्यात ठेवली.

"नाही आबा," तो म्हणाला. "पट्टी होती म्हणून पोरगी वाचली. अक्काला त्यातलं काय कळतं."

नुकतंच शील घेतलेलं, त्याच जागेवर, बुद्धांच्या मूर्तीसमोर. माझे कान तापले. बायका माझ्याकडे बघायला लागल्या, माहेरी येऊन भांडण लावणाऱ्या मुलीकडे बघतात तशा.

आबांनी मोठा श्वास सोडला. द्रोण पुन्हा उचलला. जरा विचार केल्यासारखं केलं.

"मंग आजून जाड माराले पाह्यजे व्हती," ते म्हणाले.

"हो आबा," धम्मपाल म्हणाला. "जरा बारीकच पडली."

सुकदेवभाऊंनी तिथेच नव्या ट्रॉलीची गोष्ट काढली. आबा म्हणाले, उद्या सकाळी आणा, मी मारतो, पोरगा धरेल.

मी दुसऱ्या दिवशी निघणार होते. पिशवी भरून अंगणात आले तर शेडमध्ये ट्रॉली उभी होती. आबा डोळ्यांपुढे काच धरून बसले होते. धम्मपाल ट्रॉलीखाली पाठीवर आडवा, दोन्ही हातांनी पट्टी वर दाबून धरलेली, ठिणग्या लागू नयेत म्हणून तोंड पलीकडे फिरवलेलं. मी त्याला हाक मारली नाही. आबा म्हणाले, घट धर. त्याने आणखी घट्ट धरली.